प्रागला तीन दिवस: आधी योझेफोव्ह, मग तेरेझीन

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सप्टेंबर अखेरीस तुम्ही दोघं मुलाकडे ड्रेस्डेनला जाणार आहात. तिथून शुक्रवारी संध्याकाळी प्राग गाठायचं, शनिवारी तिथली जुनी ज्यू वस्ती योझेफोव्ह, रविवारी सकाळी तेरेझीन (नाझींनी ज्यूंना डांबून ठेवलेलं गाव), दुपारी प्रागचा किल्ला आणि रात्रीच्या गाडीने परत, असा मुलाने बेत आखलाय. लहानपणी पेणला शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मैत्रिणीच्या घरी तुमचं रोजचं जाणंयेणं होतं, म्हणून हे घाईत उरकायचं नाही असं तुम्ही लिहिलंय. शिवाय काकांचे गुडघे दुखतात.

मी सोळा वर्षं मध्य युरोपात लहान ग्रुप घेऊन जातेय, त्यातल्या निम्म्या वेळा प्रागला. त्या अनुभवावरून सांगते: हा बेत चालणार नाही. आणि तो का चालणार नाही, हे तुम्हाला त्या मैत्रिणीच्या घरूनच माहीत आहे. शनिवार! कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या मंडळींना आपण ‘शनिवार तेली’ म्हणायचो, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. प्रागच्या ज्यू म्युझियमची सगळी सिनॅगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), जुनी दफनभूमी आणि जुनं-नवं सिनॅगॉग शनिवारी बंद असतात. माझ्या दुसऱ्याच ट्रिपला मी अकरा जणांना शनिवारी सकाळी त्या बंद दारांपुढे उभं केलं होतं. त्यातल्या एक आजी खास पिंकास सिनॅगॉगसाठी आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं विमान होतं. तेव्हापासून मी तारखांना हात लावण्याआधी ज्यू कॅलेंडर उघडते.

तुम्हीही तेच करा, कारण सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा सणांचा काळ. रोश हशाना म्हणजे नववर्ष, मग योम किप्पूरचा उपास, मग सुक्कोत. आपल्या गणपती-दिवाळीसारखेच हेही चांद्र तिथीप्रमाणे पुढेमागे सरकतात. यांतल्या मुख्य दिवशीही सगळं बंद असतं. म्युझियमच्या वेबसाइटवर त्या वर्षीच्या बंद तारखा दिलेल्या असतात. आधी त्या बघा, मग गाडीची तिकिटं काढा.

आता माझा बेत. रविवारी सकाळी ड्रेस्डेनहून निघा, बुधवारी सकाळी परत. तीन रात्री. मुलाला शनिवार-रविवारच मोकळा असेल तर शनिवारी किल्ला, चार्ल्स ब्रिज, जुना चौक करा, रविवारी ज्यू वस्ती आणि सोमवारी तेरेझीन. त्यासाठी त्याला एक दिवस रजा टाकावी लागेल. तेरेझीनचं स्मारक शनिवारी उघडं असतं म्हणून काही जण शनिवारी तिकडे आणि रविवारी योझेफोव्ह असा उलटा क्रम लावतात. मी तो कधीच लावत नाही. एक तर शनिवारी तिथलं दाहगृह बंद असतं. पण खरं कारण वेगळं आहे. हे लोक प्रागमध्ये हजारएक वर्षं राहिले. त्यांनी व्यापार केला, तारे मोजले, भांडले, कविता लिहिल्या. ते आधी बघितलं नाही तर तेरेझीनमध्ये फक्त आकडे भेटतात, माणसं भेटत नाहीत.

स्टेशनपासूनच सुरुवात करू. मुख्य स्टेशनच्या फलाट क्रमांक १ वर एका माणसाचा पुतळा आहे, कडेवर एक मूल आणि शेजारी एक मुलगी. हे निकोलस विंटन. १९३९ च्या वसंतापासून युद्ध सुरू होईपर्यंत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६९ मुलं, बहुतेक ज्यू, प्रागहून ब्रिटनला पाठवली. त्यातल्या बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. पाच मिनिटं थांबा, मग हॉटेल गाठा. हॉटेल मेट्रोच्या हिरव्या ‘ए’ लाइनजवळ घ्या, म्हणजे स्तारोम्येस्त्स्का स्टेशनला उतरून योझेफोव्ह पायी पाच मिनिटांवर येतं आणि लेखक काफ्काच्या कबरीकडेही हीच लाइन जाते. प्रागचे फरसबंदी दगड गुडघ्यांना फार त्रास देतात. काकांना जाड तळाचे, रोजच्या सवयीचे बूट घालायला सांगा. नवे कोरे बूट नकोत.

योझेफोव्हमध्ये पाऊल टाकलंत की पहिला धक्का बसेल. अरुंद बोळ, कोंदट घरं असं काही दिसणार नाही. दिसतील चकचकीत दुकानं आणि रुंद रस्ते. १८९० च्या दशकापासून नगरपालिकेने ‘स्वच्छता’ म्हणून इथली बहुतेक घरं पाडत नेली. उरली ती काही सिनॅगॉग, टाउन हॉल आणि दफनभूमी. योझेफोव्ह हे नावही तसं अलीकडचं. १७८२ मध्ये ज्यूंवरची बंधनं सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफच्या स्मरणार्थ ते १८५० मध्ये दिलं गेलं. त्याच सम्राटाच्या आईने, मारिया थेरेसाने, १७४४ मध्ये प्रागच्या सगळ्या ज्यूंना शहर सोडायचा हुकूम काढला होता. काही वर्षांनी त्यांना परत येऊ दिलं, पण जादा कर लावून.

रविवारी दुपारी तीनच गोष्टी बघा: मायझल सिनॅगॉग, जुनं-नवं सिनॅगॉग आणि स्पॅनिश सिनॅगॉग. तिकीट घेताना ते किती दिवस चालतं आणि त्यात जुनं-नवं सिनॅगॉग धरलंय का, हे काउंटरवर विचारा. ते म्युझियमचं नाही, प्रागच्या ज्यू समाजाचं आहे, त्यामुळे तिकिटांचे प्रकार वेगवेगळे असतात. मोर्देखाय मायझल हा सोळाव्या शतकातला इथला धनाढ्य सावकार आणि वस्तीचा पुढारी. त्याच्या नावाच्या सिनॅगॉगमध्ये आता बोहेमिया आणि मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेकियातल्या) ज्यूंचा जुना इतिहास मांडलाय. स्पॅनिश सिनॅगॉग १८६८ चं. आत छतापासून जमिनीपर्यंत सोनेरी, हिरवी, तांबडी नक्षी. त्याआधीच्या शंभर वर्षांत बंधनं सैल होत गेली आणि हे लोक शहराच्या मुख्य प्रवाहात आले, त्या आत्मविश्वासाचं हे सिनॅगॉग आहे. तिथे बाकावर दहा मिनिटं नुसतं बसा.

जुनं-नवं सिनॅगॉग मात्र सावकाश बघा. साधारण १२७० चं, आणि आजही तिथे रोज प्रार्थना होते. आत जाताना पायऱ्या खाली उतरतात, कारण शतकानुशतकं भोवतालचा रस्ता वर चढत गेला. नाव विचित्र वाटतं, पण मुंबईकरांना त्याचं नवल वाटू नये. बेने इस्रायलींचं मुंबईतलं १७९६ चं सिनॅगॉग ‘जुनी मशीद’, आणि पुढे दुसरं झालं ते ‘नवी मशीद’. इथेही आणखी सिनॅगॉग बांधली गेली आणि एकेकाळचं ‘नवं’ हे ‘जुनं-नवं’ झालं. भिंतीतल्या अरुंद फटींकडे लक्ष द्या. बायका पलीकडच्या खोलीत बसून त्या फटींतून प्रार्थना ऐकत. काकांना डोक्यावर टोपी लागेल, दारात किप्पा मिळतो. तुम्हाला डोकं झाकायची गरज नाही, खांदे झाकलेले असले की झालं. बाहेर आल्यावर शेजारच्या टाउन हॉलवरची दोन घड्याळं बघा. खालच्या घड्याळावर हिब्रू अक्षरं आहेत आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणून त्याचे काटे उलटे फिरतात.

गोलेमची गोष्ट इथे प्रत्येक दुकानात विकायला ठेवलेली दिसेल: रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव्ह यांनी मातीचा माणूस घडवला, वगैरे. ती दंतकथा रब्बींच्या मृत्यूनंतर फार उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पसरली. रब्बी लोव्ह मात्र खरे. मोठे विद्वान होते, १६०९ मध्ये गेले. त्यांची कबर तुम्हाला दुसऱ्या दिवशी भेटेल.

सोमवारी सकाळी पिंकास सिनॅगॉगचं दार उघडतं त्या वेळी तिथे हजर राहा. दहानंतर मोठे ग्रुप येतात आणि मग तिथे थांबता येत नाही, ढकलले जाता. भिंतींवर वरपासून खालपर्यंत हाताने लिहिलेली नावं आहेत, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० ज्यूंची. आडनाव लाल रंगात, मग नाव, जन्मतारीख, आणि ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख, म्हणजे बहुतेक वेळा छावणीकडे नेणाऱ्या गाडीत चढवल्याचा दिवस. लांबून ती भिंत करड्या कापडासारखी दिसते. मी माझ्या लोकांना एकच सांगते: एका आडनावाशी थांबा आणि त्या घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा वाचा. आजी १८६० च्या दशकातली, नातू १९३० च्या दशकातला, आणि शेवटची तारीख दोघांची एकच, असं कुटुंब तुम्हाला मिनिटाभरात सापडेल.

या भिंतीची स्वतःचीही गोष्ट आहे, आणि गाईड ती फार क्वचित सांगतात. ही नावं पहिल्यांदा १९५४ ते १९५९ या काळात लिहिली गेली. १९६८ नंतर दुरुस्तीचं कारण देऊन सिनॅगॉग बंद केलं गेलं आणि भिंतींवरचा तो सगळा मजकूर गेला. कम्युनिस्ट राजवटीत तो परत लिहिला गेला नाही. राजवट गेल्यावर, १९९२ ते १९९६ मध्ये, सगळीच्या सगळी नावं नव्याने लिहिली. २००२ च्या महापुरात व्ल्तावा नदीचं पाणी आत शिरलं, खालच्या ओळी बिघडल्या, त्या पुन्हा दुरुस्त केल्या. त्या भिंतीपुढे उभ्या राहाल तेव्हा हे आठवा. ती अक्षरं छापील नाहीत, कुणीतरी ब्रश घेऊन एकेक काढली आहेत, काही तर तीनदा.

वरच्या मजल्यावर तेरेझीनमधल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने तिथे मुलांना शिकवलं आणि १९४४ च्या ऑक्टोबरात स्वतः आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवली जाण्याआधी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली. ती परत आली नाही. चित्रांखाली मुलांची नावं आहेत. तुम्ही शिक्षिका होतात. मला वाटतं इथे तुमचा सर्वांत जास्त वेळ जाईल, जाऊ द्या.

तिथूनच जुन्या दफनभूमीत जायची वाट आहे. पंधराव्या शतकापासून १७८७ पर्यंत इथे पुरत असत. जागा वाढवता येत नव्हती आणि ज्यू धर्मात कबर हलवत नाहीत, म्हणून वर माती टाकून नवा थर, पुन्हा माती, पुन्हा थर. जुने दगड प्रत्येक वेळी वर आणले. म्हणून आज १२,००० च्या आसपास दगड एकमेकांवर रेललेले दिसतात. सर्वांत जुना १४३९ चा, अविग्दोर कारा यांचा. १३८९ च्या ईस्टरमध्ये वस्तीवर हल्ला होऊन मोठं हत्याकांड झालं, त्यावर त्यांनी लिहिलेलं शोकगीत आजही इथे म्हटलं जातं. हिब्रू येत नसली तरी दगड वाचता येतात: आशीर्वादाचे दोन पसरलेले हात म्हणजे पुरोहित घराणं, पाण्याचा कलश म्हणजे लेवी घराणं. दाविद गान्स हा खगोलज्ञ आणि इतिहासकार, आडनावाचा अर्थ हंसाच्या जातीचा पक्षी, म्हणून त्याच्या दगडावर तो पक्षी कोरलाय. कबरीवर फुलं वाहत नाहीत, छोटा खडा ठेवतात. रब्बी लोव्ह यांच्या कबरीवर खड्यांखाली चिठ्ठ्या दिसतील, त्यांना हात लावू नका. वाट वरखाली आहे, काकांना हात द्या.

यानंतर दुपारी विश्रांती. खरंच घ्या. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचं प्रागमध्ये अडत नाही. तळलेलं चीज सगळीकडे मिळतं, बटाट्याचे थालीपीठासारखे ब्राम्बोराक मिळतात. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. आपल्या माशाशी त्याचा संबंध नाही, आणि हॅमचे तुकडेही नकोत हे वेगळं सांगावं लागतं. पैसे युरोत देऊ नका, तिथलं चलन कोरुना आहे. जर्मनीच्या शेंगेन व्हिसावर चेकिया चालतं, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

चारच्या आत झेलिव्स्केहो स्टेशनला जा. बाहेरच नवी ज्यू दफनभूमी आहे, १८९० ची, आयव्हीने भरलेली, शांत. फ्रान्झ काफ्का १९२४ मध्ये गेला, आईवडिलांसोबत इथे आहे. सगळे त्याच्या दगडाचा फोटो काढून परततात. तुम्ही खाली पायाशी असलेली पाटी बघा. ती त्याच्या तीन बहिणींची आहे. त्यांना कबर नाही. तिघीही नाझींच्या काळात मारल्या गेल्या.

चालता चालता काकांना एक सांगा. आपण लहानपणी सकाळी रेडिओ लावला की जी आकाशवाणीची धून वाजायची, ती साधारणपणे ज्यांच्या नावे सांगितली जाते ते वॉल्टर काउफमन कार्लोवी व्हारीत जन्मलेले, प्रागमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे मुंबईच्या आकाशवाणीत काम केलं. ज्यांना वेळेत निघता आलं, त्यांच्यातले एक.

मंगळवार तेरेझीनचा. होलेशोव्हिट्से स्टेशनच्या बाहेरून बस मिळते, साधारण तासाभराचा प्रवास. ज्यू कुटुंबांना एकत्र करून गाड्यांत भरलं गेलं ते याच भागातल्या बुब्नी स्टेशनवरून. तिथे आता आकाशाकडे उभा केलेला रूळ आहे, आलेश व्हेसेली या शिल्पकाराचा. संध्याकाळी परतताना पायात बळ असेल तरच बघा.

तेरेझीनला बहुतेक टूर एक चूक करतात: सगळा वेळ छोट्या किल्ल्यात घालवतात. तो गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता, तिथे मुख्यतः चेक राजकीय कैदी होते. तो बघण्याजोगा आहेच, पण ज्यू लोकांचा गेटो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, म्हणजे पलीकडचं तटबंदीतलं अख्खं गाव. तुमच्याकडे एक दिवस आणि दुखरे गुडघे आहेत, म्हणून गावाला प्राधान्य द्या. गेटो म्युझियम, मग माग्देबुर्ग बराक. तिथे कैद्यांच्या संगीत-नाटक-चित्रांचं प्रदर्शन आहे. नोव्हेंबर १९४१ पासून इथे जवळजवळ दीड लाख माणसं आणली गेली, सुमारे ३३,००० इथेच भूक आणि रोगराईने मेली आणि ८७,००० च्या आसपास पूर्वेकडच्या गेटोंत आणि मृत्युछावण्यांत धाडली गेली. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसची पाहणी झाली. त्यासाठी घरं रंगवली, फुलझाडं लावली, मुलांकडून ‘ब्रुंडिबार’ हा ऑपेरा करवून घेतला. गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यातच साडेसात हजार माणसं आउश्वित्झला पाठवून दिली होती.

गावात एका घराच्या मागच्या अंगणात कैद्यांची गुप्त प्रार्थनेची खोली सापडली. म्युझियममध्ये विचारलं की वाट सांगतात. बटाट्याच्या कोठीएवढी खोली. भिंतीवर हिब्रू ओळी रंगवलेल्या, फिकट झालेल्या. त्यातली एक प्रार्थनेतली आहे: हे सगळं होऊनही आम्ही तुझं नाव विसरलो नाही, तूही आम्हाला विसरू नकोस. मी आतापर्यंत कितीतरी वेळा तिथे गेलेय आणि अजून कुणालाही त्या खोलीत मोठ्याने बोलताना ऐकलं नाही.

तटाबाहेर दाहगृह आहे आणि थोडं पुढे ओह्रे नदी. दहन झालेल्यांची रक्षा आधी कागदी डब्यांत, नाव घालून, रचून ठेवत असत. १९४४ च्या नोव्हेंबरात पुरावा नको म्हणून त्यातले हजारो डबे कैद्यांकडूनच नदीत रिकामे करवले. आपल्याकडे रक्षा नदीत सोडणं हा शेवटचा आदर असतो. त्या काठावर आपल्या माणसांना काय वाटतं ते मी दर वेळी बघते. तिथे मी बोलत नाही, तुम्हीही गाईडला थोडा वेळ गप्प राहायला सांगा.

डबा आणि पाणी बरोबर न्या, गावात खायच्या जागा कमी आहेत. तिथे आजही लोक राहतात, मुलं शाळेत जातात. खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका. चारपर्यंत परत निघा. संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका, किल्लासुद्धा नाही.

बुधवारी ड्रेस्डेनला परतताना उजवीकडची खिडकी घ्या, लाबे (एल्बे) नदी पुढे सीमेच्या खोऱ्यात त्याच बाजूला आहे. पण त्याच्या बऱ्याच आधी, प्राग सोडून तास होत आला की बोहुशोव्हित्से नावाचं एक छोटं स्टेशन मागे जातं. तुमची गाडी तिथे थांबत नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात कैद्यांकडूनच तेरेझीनपर्यंत रूळ टाकून घेतले. तोवर प्रागहून आलेली माणसं याच फलाटावर उतरत आणि सामान उचलून पुढचे जवळजवळ तीन किलोमीटर चालत जात. पाटी वाचायला जेमतेम दोन सेकंद मिळतात, म्हणून थोडं आधीच काकांना उठवा.